पाच दिवसांतून पंचवीस मिनिटं

धुळं किती लांब आहे, हे मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. माझं माहेर धुळ्याच्या अलीकडे, पांझरेच्या काठावर. सासर धरणगावापासून तीन कोसांवर. मधलं अंतर माझे सासरे वीस कोस सांगायचे. माझा भाऊ अठरा सांगायचा. सासू म्हणायची, दोन दिवस, आणि बैल रुसले तं तीन. मी शाळेत गेलेली नाही. मला विचाराल तं दोन ठिकाणी कंबर मोडते इतकं लांब. एकदा पारोळ्याच्या अलीकडे आणि एकदा बोरी नदीच्या वाळूत.

त्या वेळी मोठी लढाई चालू होती. ती कुठे चालली होती ते आम्हाला माहीत नव्हतं, पण रॉकेल मिळत नव्हतं आणि धुळ्याच्या रस्त्यावरची मोटार कोळशाच्या धुरावर चालायला लागली होती. मागे भट्टी लावलेली. चढ आला की माणसं उतरून ढकलायची. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा म्हणायचे, ढकलायचंच असेल तं घरचं गाडं काय वाईट? आगगाडीचं नाव काढलं तं आणखी चिडायचे. आधी उलटं जळगावला जा, मग चाळीसगाव, मग धुळं. शेजारच्या घरी जायला गावाला फेरा कोण घालतं, म्हणायचे.

तर गाडं. आणि गाड्याचे बैल आबांचे किंवा माझ्या भावाचे. दोघांचेही बैल दोघांना मुलांपेक्षा लाडके.

मला माहेरी जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिली दोन बाळंतपणं माहेरी झाली, ती दोन्ही लेकरं राहिली नाहीत. एक सव्वा महिन्याचं गेलं, एक सात दिवसांचं. सासू म्हणाली, तिकडचं बाळंतपण हिला धार्जिणं नाही. तिसऱ्या वेळी ही पोरगी सासरी झाली आणि जगली. मग सासूचंच खरं ठरलं. पोरगी दीड वर्षाची झाली तरी माझ्या आईनं तिला पाहिलेलं नव्हतं. मी त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं. दळण, पाणी, शेण, वावर, मनावर घ्यायला माणसाला बसायला तं मिळालं पाहिजे.

पण शिमग्यात बांगड्या भरायला मणियार चाचा आला. तो धुळ्यापासून इकडे गावोगाव फिरायचा आणि बांगड्यांबरोबर निरोप आणायचा. माझा हात हातात धरून, बांगडी चढवता चढवता म्हणाला, "बेटी, तुझ्या आईच्या एका डोळ्याचं गेलं. दुसऱ्यात बी पडदा उतरतोय. तुझा भाऊ म्हणतो आखाजीला न्यायला येतो. पोरीला घेऊन ये. नंतर आलीस तं ती हात लावून बघेल, डोळ्यानं नाही."

बांगडी तुटली. चाचा म्हणाला, हात आखडू नको.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खान्देशात सासुरवाशीण माहेरी जाते. लिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात. माहेरून न्यायला येतो त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि मुऱ्हाळी दारात आला की दिवस ठरवायचे. आमच्या घरची रीत अशी की दिवस उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजायचे. आबा पाच दिवस देत. दोन जायचे, दोन यायचे, मधला एक माहेराचा. पाचाचे सहा कधी झाले नाहीत. मी आबांना विचारलं नाही, सासूला विचारलं. सासूनं आबांना विचारलं. आबा म्हणाले, "पाच." मला तेवढं पुरे होतं. आईला पोरगी बघायला एक दिवस पुष्कळ.

आखाजीला पंधरा दिवस असतील. सकाळी मी भाकरी घेऊन वावरात गेले. आबा नांगरत होते. आमचे मालक, पोरीचे वडील, बांधावर बसून जोताची दोरी विणत होते. तेवढ्यात वरून घरघर आली. इमानं त्या दिवसांत दिसायची, पण वर, घारीएवढी. हे खाली आलं. इतकं खाली, की मी भाकऱ्यांचं टोपलं डोक्यावरून काढून पोटाशी धरलं. मालक बांधामागे गेले. बैलांनी जू मोडायचंच बाकी ठेवलं. आबा मात्र जागचे हलले नाहीत. हातातली पराणी उगारून उभे राहिले, ढोर पिकात शिरल्यावर उभे राहतात तसे.

इमान पडीक तुकड्यावर उतरलं, उड्या मारत पुढे आलं आणि त्याचं एक चाक नांगरलेल्या ढेकळांत रुतून बसलं. पंख तिरपा झाला. आतून एक माणूस निघाला. गोरा नव्हता, आपल्यासारखाच सावळा, डोळ्यांवर मोठाला चष्मा. त्यानं चष्मा वर केला आणि आबांना हात जोडले.

"बाबा, ये कौनसा गाँव है?"

आबा म्हणाले, "गाव नंतर देखू. हाई मना वावरमा का आनं?"

त्याचं पेट्रोल संपत आलं होतं आणि उन्हाच्या धुरकटात रेल्वेचा रूळ हरवला होता. जळगावला माणूस पाठवावा लागला. पेट्रोल यायला दोन दिवस. ते पेट्रोल आलं कशावर? बैलगाडीवर. हे आबा पुढे मरेपर्यंत सांगत.

दोन दिवस तो आमच्या ओट्यावर राहिला. सासूनं त्याला आखाजीसाठी साठवलेलं तूप वाढलं. गाव सगळं ओट्यासमोर. त्याच्याकडे घडीचा मोठा कागद होता, त्याच्यावर नद्या, गावं. आबा त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि कागदावर बोट ठेवायला लागले. आबांना वाचता येत नव्हतं, पण तापी कुठली हे त्यांनी लगेच ओळखलं.

"धुये?"

त्यानं बोटांनी माप घेतलं. "धुलिया? पच्चीस मिनट."

"कितला?"

"पच्चीस."

आबा हसले. मग गावाकडे वळून म्हणाले, "पाव्हणाले ऊन लागनं."

पंचवीस मिनिटं म्हणजे किती, हे आमच्यात कोणाला माहीत होतं? घड्याळ फक्त त्याच्या मनगटावर. त्यानं ते काढून सासूच्या हातात दिलं आणि सांगितलं, माई, हा काटा इथून इथे येईल तेवढ्यात धुळं. सासू चुलीपाशी घड्याळ घेऊन बसली. भाकऱ्या मी थापत होते. ती एक डोळा काट्यावर आणि एक माझ्या हातावर ठेवून होती. काटा पोचला तेव्हा आठवी भाकरी तव्यावरून उतरत होती.

सासू बाहेर जाऊन म्हणाली, "धुये आठ भाकरीवर शे. व्हऊ हळू थापस, नही तं नऊ."

मग आबांना नाद लागला. धरणगाव? चार मिनिटं. रावेर? रावेर माझ्या सासूचं माहेर, सातपुड्याच्या अंगाला, केळीच्या मुलखात. अर्धा तास. काशी? तो म्हणाला, सकाळी निघालं तं दुपारी. आबांनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "मंग त्यानं पुण्य काय लागी? अंग तं दुखायले पाहिजे." हे मात्र सगळ्या गावाला पटलं.

तिसऱ्या दिवशी पेट्रोल आलं, पण चाक निघेना. माणसांनी ढकललं, निघेना. शेवटी आबांनी आपली जोडी आणली, नाडा बांधला. बैल आधी फुरफुरले, मग त्यांना कळलं हे वजनाला कापसाच्या गाड्यापेक्षा हलकं आहे. एका झटक्यात ओढलं. इमान उडालं, त्याचा धुरळा आमच्या तोंडात गेला, आणि आबा त्या धुरळ्यात उभे राहून ओरडले, "मना बैलस्नी वढं! नही तं वावरमाच सडतं!"

त्या दिवसापासून पंचवीस मिनिटं आबांची झाली. जणू इमान तेच चालवत होते. पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, धुळं पंचवीस मिनिटं, यंत्रानं मोजलेलं आहे, आपण उगाच वीस कोस वीस कोस करत होतो. गडी उशिरा आला तं त्याला म्हणायचे, "वावर अर्धा मिंटवर शे, इतला येळ कोठे व्हता?" लोक आधी हसले, मग नुसतीच मान हलवायला लागले. आमचे मालक बापापुढे बोलत नसत. ते आधीपासूनच मान हलवत होते.

आखाजीला चार दिवस राहिले आणि माझा भाऊ गाडं घेऊन आला. भुवयांवर धूळ, दाढीत धूळ, बैलांच्या तोंडाला फेस. मी पोरीला कडेवर घेऊन दाराआड उभी. माझं गाठोडं तीन दिवसांपासून बांधलेलं होतं.

आबांनी पाणी दिलं, मग विचारलं, "कधय निंघना?"

"काल पहाटले निंघनू, आबा."

"काल?" आबा म्हणाले. "पंचीस मिंटना रस्ता. कोठे बठनाथा?"

भावाला वाटलं थट्टा आहे. तो हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, कागद, घड्याळ, आठ भाकरी. मग म्हणाले, "म्हनीसन व्हऊले पाच दिन कसाले लागतीन? सकायमा जाय, सांजले ये. एक दिन."

भाऊ म्हणाला, "पण आबा, इमान कोठे शे?"

"इमान नही, पण रस्ता तं तोच शे ना? का रस्ता बी तो संगे लई गया?"

"मना बैलस्ले दोन दिन लागतस."

"तुना बैल सुस्त शेतस, ती काय मनी चूक शे?"

भाऊ लाल झाला. त्याच्या बैलांना असं कोणी बोललेलं नव्हतं. मला वाटलं आता हा गाडं जुंपून तसाच परत जातो, आणि माझं राहिलं. दारामागून मी सासूकडे बघितलं. तिची काही मला साथ नव्हती. मी गेले तं दळण तिच्यावर पडणार होतं. ती तांदूळ निवडत बसली होती. वर पाहिलं नाही.

तेव्हाच आबा जास्तीचं बोलले. भावाला समजावायला म्हणून सासूकडे बोट करून म्हणाले, "हाई देखा. चाळीस साल रडनी, मनं माहेर दूर, मनं माहेर दूर. रावेर तं आर्धा घंटावर शे! बठ्ठं रडणं फुकट गयं."

सासूचा हात सुपात थांबला.

मला ठाऊक होतं. तिची आई आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा ती तीन दिवस गाड्यात होती, रस्त्यात एका बैलाचा खूर सोलला. ती पोचली तेव्हा आईला नेऊन अंगण सारवून झालेलं होतं. हे तिनं मला एकदाच, जात्यावर बसून सांगितलं होतं, आणि पुन्हा त्या गोष्टीकडे गेली नव्हती.

तांदूळ निवडून झाले, ती उठली, आत गेली.

दुसऱ्या दिवशी आबांना धरणगावच्या कापसाच्या जिनातून सरकी आणायला जायचं होतं. गाडं जुंपलं, आबा बसले आणि नेहमीसारखा हात मागे केला. शिदोरीचं फडकं त्या हातात यायचं. आलं नाही.

आबांनी मागे बघितलं. सासू उंबऱ्यात उभी.

"शिदोरी?"

सासू रागावली की तिकडची रावेरची बोली बोलायची. म्हणाली, "कशाची शिदोरी? धरणगाव चार मिंटावर हाये. चार मिंटात कोणाले भूक लागते का बरं?"

"अन् पाणी?"

"चार मिंटात घसा वाळते का?"

ओट्यापाशी माझा भाऊ बैलांना चारा घालत होता, त्यानं तोंड बैलाच्या कानामागे लपवलं. शेजारची दोन माणसं थांबून बघत होती. आबांना माघार घेता येईना. त्यांनी बैल हाकले. मालक दोन पावलं गाड्यामागे गेले, मग आईकडे बघून परत फिरले.

आखाजीच्या आधीचं ऊन म्हणजे काय सांगू. चप्पल वाळूत ठेवली तं उचलवत नाही. तीन कोस जायचं, सरकी भरायला रांग, तीन कोस यायचं. ओळखीच्या माणसाकडे भाकरी-पाणी मागायचं म्हटलं तं सगळ्या धरणगावाला त्यांनीच चार मिनिटांची गोष्ट सांगितलेली. आबा दिवे लागायच्या आधी आले. ओठ पांढरे, मिशा खाली. ओट्यावर बसले. गाडं सोडायचं बी त्यांच्यात राहिलं नव्हतं. भावानंच त्यांचे बैल सोडले, पाणी दाखवलं.

सासू पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण दिला नाही. हातातच धरून उभी राहिली.

"धुये कितलं दूर शे?" आता आबांच्या बोलीत बोलत होती.

आबा तांब्याकडे बघत म्हणाले, "पंचीस मिंट."

मला वाटलं, संपलं. हा माणूस तहानेनं मरेल पण मिनिट सोडणार नाही.

सासू म्हणाली, "बरं. पंचीसच. मंग पाच दिनमाथून पंचीस मिंट जावाना कापा, पंचीस मिंट येवाना. बाकीना पाची दिन ती मायजोडे राही. रस्ता जर काहीच नही, तं रस्ताना दिन मोजानं काय काम?"

आबा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. एक बोट दुमडलं, उघडलं, परत दुमडलं. सासू तशीच उभी. तांब्यातलं पाणी हलत होतं. मी दाराआडून मोजत होते, पाच दिवस तिकडे, दोन जायचे, दोन यायचे. नऊ होतात. शाळेत न जाता मला तेवढं कळलं. आबांना बी कळलं असणार. पण नऊ होतात म्हणून नाकारायचं तं मग मिनिटं चुकीची म्हणायला पाहिजेत, आणि समोर माझा भाऊ, शेजारी, सगळे उभे.

"पाच," आबा म्हणाले. "तठे पाच. आते पाणी दे."

प्यायले. दुसरा तांब्या मागितला. मग भावाला म्हणाले, "पण रस्तामा येळ नको लावू." भाऊ म्हणाला, "नही आबा." दोघांच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही.

पहाटे निघताना सासूनं गाड्यात शिदोरी ठेवली, दोन दिवसांची, मोठी. पोरीच्या कपाळाला काजळ लावलं. मला म्हणाली, "जाय. बठ्ठं दळण मीच करसू, माहीत शे माले." एवढंच. तिच्या तोंडून माया म्हणून कधी काही निघालं नाही, आणि मी बी तशी वाट पाहिली नाही.

दोन दिवस गाड्यात. एरंडोलपर्यंत पोरगी हसली, पुढे रडली, पारोळ्याला मुक्कामाला पोचलो तं ओकली. बोरीच्या वाळूत भावाचे ते सुस्त बैल बसले, आणि भाऊ त्यांना आबांच्या नावानं शिव्या द्यायला लागला. मी उतरून पोरीला कडेवर घेऊन वाळूतून चालले. पाय भाजले. आता ते आठवलं तं हसू येतं, तेव्हा नव्हतं येत.

पोचलो तेव्हा आखाजीची सकाळ होती. आई दारात बसलेली, उजेडाकडे तोंड करून. एक डोळा पांढरा झालेला. दुसरा मिचकावत होती. मी हाक मारली तं तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, हात पुढे केले. "पोर आण. आधी पोर आण. तुले मी देखेल शे."

पोरीला तिनं मांडीवर घेतलं आणि तोंड तिच्या तोंडापाशी नेलं, चार बोटांवर. पोरगी किंचाळली. आईनं तिला तशीच धरून ठेवली आणि बाजरीतले खडे बघतात तशी बघत राहिली. इकडून, तिकडून. हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"नाक आपलं नही," म्हणाली. "नाक सासरनं शे. मोठं व्हई."

"माय, राहू दे ना नाक."

"का राहू देऊ? मी काय नाक देखाले परत येसू?"

दुपारचं ऊन तिच्या डोळ्याला सोसायचं नाही. म्हणून ती पोरीला सकाळी बघायची, रोज थोडं. एके दिवशी कान, एके दिवशी पायाची बोटं. झोक्यावर बाकीच्या पोरी गाणी म्हणत होत्या, मला हाका मारत होत्या, मी गेले नाही. आई दारात पोरीला उलटंपालटं करत बसायची आणि पोरगी तिच्या नथीला ओढायची. तिसऱ्या दिवशी पोरीच्या उजव्या कानामागे तिला एक तीळ सापडला. तो मी बी पाहिलेला नव्हता. दीड वर्ष न्हाऊ घालत होते. एवढी ओरडली ती, मणियार चाचा शेजारच्या घरात बांगड्या भरत होता, तो बांगड्या टाकून आला.

पुढच्या आखाजीला मी परत गेले तेव्हा तिला नुसता उजेड आणि अंधार कळत होता. पोरगी आता धावत होती. समोर जाऊन उभी राहिली, काही बोलली नाही. आईनं हात लावायच्या आधी विचारलं, "कानमांगला तीळ शे ना जागावर? का धुई टाका तुनी मायनी?"

पोरगी कान झाकून पळाली.